आधी वाट शोध, मग ट्यूब उघड

गाडीत पाणी येतंय, सिलिकॉनची ट्यूब आणून ठेवलीय, रविवारी सगळीकडे मारून टाकतो, असं तू फोनवर म्हणालास. ती ट्यूब आहे तशी ठेव. पाणी कुठून शिरतं हे नक्की कळेपर्यंत गाडीला काहीही लावायचं नाही. गळती बुजवायला अर्धा तास पुरतो, शोधायला अख्खा दिवस जातो. तो दिवस वाचवायला गेलेल्यांच्या गाड्यांचे तळ मी पाहिलेत. वरून मॅट झकास, आणि मॅट उचलून बोट दाबलं की बोट आरपार.

तुझी मारुती ८०० आहे २००९ ची. इतकी वर्षं ती आपल्याच भागात फिरली, आणि आपल्याकडे गाडी गळकी होते ती उन्हानं. पाऊस फक्त ते दाखवून देतो. एप्रिल-मे महिन्यात नंदुरबार, शहादा, तळोद्याला पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीचं रबर भाजून निघतं, कडक होतं, आकसतं, आणि कोपऱ्यात काचेपासून सुटतं. त्याच दिवसांत धूळ आणि पाचोळा गाडीच्या निचऱ्याच्या वाटा भरून टाकतो. मग मृगाचा पहिला सपाटा येतो आणि लोक म्हणतात, अचानक गळायला लागली. खरं तर हे काम करायची वेळ आखाजी ते मृग या दिवसांतली. आता पाऊस सुरू झालाच आहे, तर दोन-तीन दिवसांची उघडीप बघ आणि तेव्हा हात घाल.

मी इतका मागे का लागलोय ते आधी ऐक. तू रोज चांदसैली घाटातून धडगावला शाळेत जातोस. कार्पेट ओलं असलं की सगळा दमटपणा काचेवर येऊन बसतो. घाटात ढग उतरलेले, बाहेर वायपर चालू, आत काच पांढरी झालेली, आणि तू एका हातानं फडकं फिरवत वळण घेतोस. कपडे ओले झाले तर वाळतील, पण त्या वळणावर समोरची जीप दिसली नाही तर काय? दुसरं, सीटबेल्टचे आणि सीटचे बोल्ट ज्या पत्र्यात बसवलेले असतात तो पत्रा तळाचा आणि बाजूच्या खांबांच्या पायथ्याचा असतो. ओल नेमकी तिथंच साचते. बेल्ट कितीही चांगला असला तरी त्याचा बोल्ट गंजलेल्या पत्र्यात असेल तर तो बेल्ट नावापुरताच. म्हणून हे काम ‘वास येतो’ म्हणून करायचं नाही, जिवासाठी करायचं.

आता पहिला प्रश्न: हे पाणी पावसाचंच आहे का? सूनबाईच्या पायाखाली, म्हणजे डावीकडे पुढं ओल आहे म्हणालास. तिथं तीन प्रकारचं पाणी येऊ शकतं. एसीचं पाणी तिथंच असतं, कारण कूलिंगचं युनिट डॅशबोर्डमागे डावीकडे बसतं आणि त्याची बारीक नळी इंजिनच्या बाजूला बाहेर निघते. ती नळी धुळीनं तुंबली की पाणी आत सांडतं. हे पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, आणि कोरड्या दिवशीही एसी लावला की येतं. एसी लावून गाडी सावलीत उभी कर आणि खाली वाकून बघ. आपल्या दमट दिवसांत जमिनीवर थेंब पडलेच पाहिजेत. पडत नसतील तर नळी साफ कर, काम झालं. दुसरं पाणी हीटरचं, म्हणजे कूलंट. ते हाताला चिकट लागतं, गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट थर धरतो आणि रेडिएटरच्या डब्यातली पातळी उतरते. ते चाखून बघायचं नाही, विषारी असतं. असं दिसलं तर सरळ मेकॅनिककडे जा, उशीर केलास तर इंजिन तापेल. ही दोन्ही नसतील तर मग पावसाचं.

पावसाचं ठरलं की दुसरा प्रश्न विचार: गाडी उभी असताना ओल येते की चालताना? रात्रभर पावसात उभी राहून सकाळी ओली सापडली तर पाणी वरून येतंय. पाऊस थांबलेला, रस्ता तेवढा ओला, आणि घरी पोचल्यावर आत पाणी, तर चाकानं उडवलेलं पाणी खालून शिरतंय. पुढच्या चाकाच्या कमानीत पत्र्याचे जोड असतात, तिथलं कारखान्यातलं सीलंट खड्ड्यांनी हादरून तडकतं. तळाला रबरी बुचं असतात, ती निघून पडतात. हा एक प्रश्न विचारला की अर्धी गाडी शोधातून बाद होते. लोक तो विचारत नाहीत आणि काचेच्या कडेला ट्यूब मारत बसतात.

घाटातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. चढावर पाणी मागच्या सीटखाली जातं, उतारावर पुढं येतं. म्हणून मागं साचलेलं पाणी मागूनच आलं असं धरू नकोस. छताच्या कोपऱ्यातून शिरलेला थेंब खांबाच्या आतून, वायरीच्या गुच्छावरून चालत चालत पार तळाला उतरतो. दिसतो तिथं तो फक्त पोचलेला असतो.

शोध घ्यायचा तर आधी आतला पसारा काढ. बॅटरीची निगेटिव्ह तार सोड, कारण फ्यूजबॉक्स डॅशबोर्डखाली आहे आणि तू तिथं पाणी आणणार आहेस. मॅट उचल, दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या काढ, कार्पेट मागं लोट, जमलं तर पुढची सीट काढ. चार बोल्टचं काम आहे. उघडा पत्रा कोरड्या फडक्यानं पुसून काढ. मग त्यावर आणि खांबांच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडर भुरभुर. पाण्याची एक रेघ जरी उतरली तरी पावडरीत ती स्पष्ट उमटते. एवढं केल्याशिवाय पाणी मारलंस तर जुनी ओल कोणती आणि नवी कोणती ते कळणार नाही.

पाणी मारायचं ते खालून वर. लोक उलटं करतात, छतावर पाइप धरतात, सगळी गाडी भिजते आणि कुठून आलं ते काहीच कळत नाही. आधी दाराच्या खालच्या कडेला, मग दाराच्या मधोमध, मग काचेच्या खालच्या कडेला, मग वायपरखालच्या जाळीत, मग काचेच्या बाजूंना, आणि शेवटी छताला. एका जागी पाच-दहा मिनिटं. पाण्याला जोर नको, पाइपाच्या तोंडाला बोट लावून फवारा करू नकोस, पाऊस पडतो तसं वाहू दे. आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला हवा. डोळे पावडरीवर, तोंडानं ‘आलं’ म्हणायचं, बाकी गप्पा नाहीत. पाण्याची टंचाई असेल तर बादली आणि तांब्या पुरतो. उलट तांब्यानं नेमकी जागा धरता येते, पाइपापेक्षा मला तोच बरा वाटतो. एका जागी ‘आलं’ म्हटलं की तिथं खडूची खूण कर, पण थांबू नकोस, वरपर्यंत जा. जुन्या गाडीत गळतीची जागा सहसा एकटी नसते.

पहिला संशय मी वायपरखालच्या जाळीवर घेतो. बॉनेट उघडलं की काचेच्या पायथ्याशी पत्र्याचा एक खोलगा असतो. काचेवरचं सगळं पाणी तिथं उतरतं आणि दोन्ही बाजूंनी खाली निघून जातं. आतल्या हवेची वाटही तिथूनच. हा खोलगा भरला की पाणी वर चढतं आणि ब्लोअरच्या तोंडातून सरळ आत. तुझ्या शाळेजवळ गाडी कुठल्या झाडाखाली लावतोस ते बघ. सागाचं पान मोठं, ते जाळीवरच अडकतं, हातानं काढता येतं. त्रास देतात ती बारकी पानं: कडुनिंब, चिंच, गुलमोहर. ती जाळीतून खाली पडतात, कुजतात, धुळीशी मिसळतात आणि चिखलाचं बूच तयार होतं. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत तर हे बूच चिकट होतं. शेताच्या कडेला गाडी उभी राहिली की उंदीरही तिथं घर करतात, आणि जाता जाता वायरींच्या रबरी बुचांना कुरतडतात. खोलग्यातली घाण हातानं आणि जुन्या ब्रशानं बाहेर काढ, पाण्यानं आत ढकलू नकोस. मग एक तांब्या ओत आणि चाकामागे दोन्ही बाजूंना पाणी पडतंय का बघ. ज्या बाजूला पडत नाही ती वाट बंद.

दुसरा संशय दारावर, आणि इथं बहुतेक जण फसतात. दाराच्या काचेच्या कडेनं पाणी आत जातंच. ते दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. गाडी बनवणाऱ्यांनी ते तसंच ठरवलेलं असतं. म्हणून ती भोकं बुजवायची नाहीत. भोकातून पाणी ठिबकतंय म्हणून डेंटरकडून ती बंद करून घेणारे आहेत; त्यांची दारं आतून कुजतात. पावसानंतर दार हलवून बघ, आत पाणी डुबुकडुबुक वाजलं तर भोकं तुंबलीत. झाडूची काडी घाल, खिळा नको, खिळ्यानं रंग निघतो.

पण पाणी दाराच्या पोटातून गाडीत येतं ते वेगळ्या कारणानं. दाराचं आतलं पॅड काढलंस की मागं पॉलिथिनचा कागद चिकटवलेला दिसेल. त्याच्यावरून पाणी घसरून परत दारात पडावं म्हणून तो असतो. काच खाली-वर करायची मशीन दुरुस्त केली, स्पीकर बसवला, कुलूप बदललं, की कारागीर तो कागद फाडतो आणि परत लावत नाही. पॅड बसलं की कुणाला दिसत नाही. मग पाणी पॅडच्या मागून उंबऱ्यावर आणि तिथून कार्पेटखाली. तुझ्या गाडीत डावीकडचा स्पीकर नवा आहे हे मला आठवतंय. म्हणून पावडर टाकायच्या आधीच मी ते पॅड उघडेन. कागद नवीन, जाड पॉलिथिनचा काप, दाराच्या मापापेक्षा थोडा मोठा. खताच्या गोणीतली पिशवी कापून लावू नकोस, खताचा अंश पत्र्याला खातो. चिकटवायला ब्युटाइलची पट्टी घे, ती काळी, नेहमी मऊ राहणारी. ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते. खालची कड दाराच्या खाचेत आत गेली पाहिजे, बाहेर लोंबायला नको. सगळं काम या कडेत आहे.

दाराचं रबर तपासायला दहाची नोट दारात धरून दार लाव आणि ओढ. नोट अडकत-अडकत यायला हवी. सहज निसटली तर तिथं रबर दबत नाही. रबर बदलायच्या आधी मात्र उघडं दार कडेला धरून वर उचलून बघ. खटखट हललं तर बिजागरीच्या पिना झिजल्यात, दार लोंबतंय. तिथं महागाचं नवं रबर घातलंस तरी पाणी येणारच.

पुढची काच. ८०० ची काच रबराच्या बीडिंगमध्ये बसलेली असते, जुन्या मार्शल-कमांडरसारखी. नव्या गाड्यांसारखी सीलंटनं चिकटवलेली नसते. खालचे दोन कोपरे नीट बघ. रबर बोटानं उचललं आणि ते परत बसलं नाही, कडकच राहिलं, तर ते संपलंय. रबर मऊ असेल तर त्याची ओठाळी, म्हणजे ओठासारखी कड, लाकडी काडीनं उचलून आत न सुकणारं काचेचं सीलंट भरता येतं. रबराच्या कडेनं रंगावर फुगे दिसले तर मात्र खाली गंज आहे. तेव्हा काच काढून, गंज घासून, रंगवून, नवं रबर घालून बसवायची. हे काम काचवाल्याकडून करून घे, पण समोर उभा राहा. चांगला कारागीर रबर आधी काचेला घालतो, रबराच्या खाचेत सगळीकडून सुतळी फिरवतो, साबणाचं पाणी लावतो, काच जागेवर टेकवतो, आणि आतून सुतळी हळूहळू ओढत जातो. सुतळीबरोबर रबराची ओठाळी पत्र्याच्या कडेवर चढत येते, बाहेरून दुसरा माणूस तळहातानं दाब देतो. पेचकस घालून रबर चढवणारा दिसला तर थांबव. पेचकसाचा एक ओरखडा म्हणजे पुढच्या वर्षीचा गंज.

बाकीच्या जागा पटकन सांगतो. छताच्या कडेच्या पन्हळीत कॅरिअरचे पाय आवळलेले असतात, तिथं सीलंट तडकतं. टेललाइटचं रबर आणि डिकीचं रबर गळलं की पाणी स्टेपनीच्या खोलग्यात साचतं आणि महिनोन् महिने कळत नाही, म्हणून पावसाळ्यात स्टेपनी अधूनमधून उचलून बघत जा. एरियलच्या भोकाखालचं वॉशर. क्लच, ॲक्सिलरेटर, मीटर यांच्या केबली इंजिनकडून आत येतात तिथली रबरी बुचं.

आता तुझ्या त्या ट्यूबकडे येऊ. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते वाळताना आम्ल सोडतं, आणि उघड्या पत्र्याला त्यानंच गंज धरतो. शिवाय एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागेवर पुढं रंग धरत नाही की दुसरं सीलंट धरत नाही. न्हाणीघरात वापर, गाडीला नको. पत्र्याच्या जोडांना पीयू सीलंट किंवा बॉडी सीलर. दोन भाग मळून लावायचा लांबी-लगदा दगडासारखा होतो. घाटात गाडीचा पत्रा सतत पिळत असतो, तिथं तो तडकतोच. आणि काहीही लावण्याआधी जागा कोरडी आणि स्वच्छ हवी, ओल्या पत्र्यावर लावलेलं सीलंट पाणी आत कोंडून ठेवतं.

गळती थांबली तरी अर्धंच काम झालं. कार्पेटखाली जाड फेल्ट असतं. ते वरून कोरडं लागतं आणि मधे पाणी धरून बसतं. नंदुरबारच्या पथारीवर वरची मिरची खडखडीत आणि ढिगाच्या पोटातली काळी पडते, तसंच. त्याला गाडीत ठेवून पंखा लावून वाळवता येत नाही. बाहेर काढ, पिळ, दोरीवर उभं टांग, उलटसुलट ऊन दाखव, आणि दोन्ही बाजूंनी मुठीत दाबून ओल लागत नाही तोवर परत घालू नकोस. मधे पाऊस आला तर कार्पेटशिवाय गाडी चालव, काही बिघडत नाही. फेल्ट कुजलं असेल तर नवं घाल, वास कशानंही जात नाही, अत्तराची बाटली टांगून तर मुळीच नाही.

तळावर गंज दिसला तर तारेच्या ब्रशानं घास, चकाकता पत्रा दिसेपर्यंत. खोल गेलेल्या ठिकाणी गंजावर लावायचं कन्व्हर्टर, मग रेड ऑक्साइड, मग रंग, जोडावर सीलर. भोक पडलं असेल तर वर पत्रा चिकटवून चालत नाही, कुजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करून घे. बेल्टच्या बोल्टाजवळ भोक असेल तर ते होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नकोस. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण आणि तपासणी लागते, ते तुझं झालंय. पुढचं पाच वर्षांनी येईल तेव्हा तळ ठणठणीत असायला हवा. पण त्याच्यासाठी थांबायचं कारण नाही.

तुझा तो मित्र जुनी गाडी घेतोय ना, त्याला एवढं सांग. आपल्याकडे पुष्कळ जुन्या गाड्या गुजरातमधून येतात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं सुरत बुडाली होती, त्याआधीची तिकडची गाडी असेल तर पुरातून निघालेली आहे का ते बघावं. पावसाच्या गळतीचा गंज तळाला आणि एका बाजूला असतो. पुराचा सगळीकडे सारखा, सीटच्या रुळांवर, डॅशबोर्डमागच्या ब्रॅकेटांवर. आणि बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग. तशी गाडी स्वस्तातही घेऊ नये.

येत्या रविवारी शहाद्याला ये. पाइप, ब्युटाइलची पट्टी आणि पॉलिथिन माझ्याकडे आहे. येताना डाव्या पॅडच्या प्लास्टिकच्या नव्या क्लिपा घेऊन ये, जुन्या काढताना तुटतातच. आणि आत बसायला सूनबाईला विचार. ओल आधी तिलाच दिसली होती, थेंबही तीच पकडेल.